माशी, मासा आणि इंद्रायणी

इंद्रायणी म्हटली की आपल्या घरांतून दोन घाट डोळ्यांपुढे उभे राहतात, एक देहूचा आणि दुसरा आळंदीचा. तुकोबांची गाथा तरली ती हीच नदी. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली समाधी घेतली ती हिच्याच काठी. एवढे सांगितले म्हणजे इंद्रायणीविषयी सांगण्यासारखे सारे संपले, अशी आपली समजूत असते. ही नदी कोठे उगम पावते, कोणत्या गावांवरून वाहते, भीमेस कोठे मिळते, असे विचारले तर पुण्यातील भल्याभल्यांस क्षणभर थांबावे लागेल. आणि तिच्या पाण्यात कोण राहते, हा प्रश्न तर सहसा कोणी विचारीतच नाही. घाटाच्या पायरीवर उभे राहून आपण ज्यांस भक्तिभावाने चुरमुरे घालतो, ते ‘देवाचे मासे’. त्यांस दुसरे काही नाव असेल, ही कल्पनाही मनास शिवत नाही.

आम्हांस या प्रश्नाची गोडी लागली ती आमच्या भाच्यामुळे. हा मुलगा चिंचवडच्या एका कारखान्यात अभियंता आहे. सहा दिवस यंत्रांत घालवून सातव्या दिवशी तो नदीकाठ गाठतो. त्याच्या खांद्यावर एक लांब नळकांडे असते आणि त्यात चार तुकडे जोडून होणारी एक सडपातळ काठी असते. आमच्या घरी मत्स्याहार नाही, त्यामुळे त्याचा हा छंद प्रथम कळला तेव्हा माजघरात थोडी खळबळ उडाली. “मामा, मी मासे मारीत नाही. धरतो आणि सोडून देतो,” असे त्याने समजावून सांगितले. “सोडायचाच तर मग धरतोस कशाला रे?” हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न. त्यास त्याच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. “मामी, एकदा बरोबर तर चला,” एवढेच तो म्हणाला. त्याप्रमाणे मार्गशीर्षातील एका रविवारी पहाटेच्या लोकलने आम्ही तिघे शिवाजीनगरहून निघालो.

गाडीत वेळ पुष्कळ होता, म्हणून त्याने आपल्या विद्येचे मूळ आम्हांस सांगितले. गळाने मासा धरण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे: गळास गांडूळ अथवा कणकेची गोळी लावावी, दोरीस शिशाचा तुकडा बांधावा, आणि त्या वजनाच्या जोरावर गळ दूर फेकून वाट पाहावी. याची रीत निराळी. हिला इंग्रजीत फ्लाय फिशिंग म्हणतात. हिच्यात खरे आमिष नसतेच. पिसे, केस आणि रेशीम गळावर गुंडाळून पाण्यावरच्या किड्याची हुबेहूब नक्कल करावयाची, आणि ती खोटी माशी खऱ्या माशापुढे अशी अलगद उतरवावयाची की त्याने फसावे. पिसाच्या माशीस वजन ते काय असणार? ती फेकली तर हातभरही जावयाची नाही. म्हणून येथे दोरीच जाड व वजनदार करतात. ती डोक्यावरून मागे न्यावयाची, मागे पुरती उलगडेपर्यंत थांबावयाचे आणि मग पुढे सोडावयाची. दोरीचे वेटोळे हवेत उलगडत जाते आणि तिच्या टोकाचा बारीक तंतू सर्वांत शेवटी पाण्यावर टेकतो. सारे कसब त्या थांबण्यात आहे, असे तो म्हणाला. मराठीत या विद्येस शब्द नाही. पण माशीने मासा धरावयाचा, ही गोष्ट मराठीत जितकी गोड वाटते तितकी इंग्रजीत खास वाटत नसेल.

ही कला साहेबांनी आणली, असे आम्ही धरून चाललो होतो, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु तिचा उगम इंग्लंडातील नव्हे. ईलियन नावाच्या ग्रंथकाराने इसवी सनाच्या २०० च्या सुमारास मॅसिडोनियातील लोकांचे वर्णन केले आहे. ते गळास तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची दोन पिसे बांधीत आणि ठिपकेदार मासे धरीत. आमच्याकडेही हा विनोद अगदीच अपरिचित नव्हता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मन कसकसे रमवावे हे सांगताना त्याने ‘मत्स्यविनोद’ असा एक स्वतंत्र भाग घातला आहे, आणि माशांच्या जाती, काठी, दोरी, गळ व आमिष यांचा विचार त्यात केला आहे. पिसाची माशी त्यात नाही. तथापि गळाने मासा धरणे हे राजाच्या करमणुकीत मोजले जात होते, हे त्यावरून दिसते. याच मानसोल्लासात मराठीतील फार जुन्या पद्यपंक्ती सापडतात, आणि त्यांत विष्णूच्या मत्स्यावताराचे स्तवन आहे. एकाच पोथीत मासा धरण्याची युक्तीही आहे आणि माशापुढे जोडलेले हातही आहेत. सोमेश्वराच्या मनास त्यात काही विसंगत वाटले असेल असे दिसत नाही.

साहेब मंडळींनी ही माशी आणली ती ट्राउट माशासाठी. ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. आपल्याकडे तो नव्हता म्हणून १९०० च्या सुमारास त्याची अंडी स्कॉटलंडातून काश्मिरात आणून तेथील ओढ्यांत वाढविली. मावळातील नदीत त्याचा निभाव लागणार नाही. येथे फाल्गुन उजाडला की उथळ पाणी हातास कोमट लागते. तेव्हा येथे माशी टाकावयाची ती उन्हाच्या पाण्यात वाढलेल्या आमच्याच माशांसाठी, आणि त्यांच्या खाण्यापिण्याच्या सवयी ओळखून. त्यासाठी लिहिलेले पुस्तक मिळत नाही; नदीस विचारूनच शिकावे लागते. भाच्याचा सारा उत्साह याच गोष्टीत होता.

मळवलीस उतरलो तेव्हा धुके पुरते विरले नव्हते. मागे लोहगड आणि विसापूर, पुढे कार्ल्याचा डोंगर, आणि मधल्या सपाटीत कापणी झालेली भातखाचरे. याच नदीचे नाव घेतलेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघर शिजतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या वंशातून तो निपजला. स्टेशनापासून कार्ल्याच्या रस्त्याने थोडे चालले की नदी लागते. आळंदीचा विस्तीर्ण घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांस ही तीच नदी, हे सांगून खरे वाटणार नाही. खडकांतून खळखळणारे, तळचा गोटा न् गोटा दाखविणारे असे ते पाणी.

येथे एक गोष्ट सांगून टाकावी. या नदीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात आहे, आणि उगमाजवळच वळवण येथे टाटांनी धरण बांधले आहे. तेथे अडविलेले पाणी पूर्वेस देहूकडे न जाता पश्चिमेस घाट उतरते आणि १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघरात चक्रे फिरवून कोकणात जाते. म्हणजे इंद्रायणीच्या पाण्याचा एक हिस्सा शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईचे दिवे लावीत आहे. वारकऱ्यांस हे ठाऊक नसते, आणि मुंबईकरांस तर त्याहून नसते.

काठावरच्या गावात चौकशी करून, ज्या भोई मंडळींकडे त्या पाण्याची मासेमारी होती त्यांची परवानगी भाच्याने आधीच घेतली होती. त्याने काठी जोडली आणि खिशातून एक चपटी डबी काढली. आत पंधरावीस माश्या ओळीने टोचून ठेवलेल्या. काहींस कोंबड्याच्या मानेचे पीस, काहींस बोकडाचे केस, एकीस मोराने गाळलेल्या पिसाचा हिरवट तंतू. एका माशीच्या पोटावर सोनेरी रेघ चमकत होती. ती पाहून सौभाग्यवती एकदम म्हणाल्या, “अरे, ही तर माझ्या जुन्या शालूची जर!” दिवाळीत कपाटे आवरताना नासका पदर म्हणून त्यांनीच तो त्यास दिला होता. लग्नातल्या शालूची जर इंद्रायणीच्या माशास भुलविण्याच्या कामी आली, याचे त्यांस वाईट वाटले की कौतुक, हे त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांस ओळखता आले नाही.

माशी टाकण्याच्या आधी तो बराच वेळ नुसता बसून राहिला. आम्ही कंटाळलो, पण तो पाणी वाचीत होता. धारेच्या कडेस पाणी जेथे मंदावते तेथे मासा उभा असतो, कारण तेथे श्रम कमी आणि वाहून येणारे अन्न समोर. खडकाखालचा गोटा उचलून त्याने आम्हांस त्याच्या पोटाशी चिकटलेले किडे दाखविले. काही नुसते चिकटलेले, तर काही वाळूच्या कणांचे घर करून आत बसलेले. हेच किडे पुढे पंख फुटून पाण्यावर येतात, आणि मासा त्यांचीच वाट पाहत असतो. जेथे हे किडे नाहीत तेथे पाणी बिघडले असे समजावे, असेही तो म्हणाला. नळाच्या पाण्याची परीक्षा प्रयोगशाळेत होते. नदीच्या पाण्याची परीक्षा एक गोटा उलटा करून होते, हे आम्हांस नवीन होते.

मग दोरी डोक्यावरून मागे गेली, थांबली, पुढे आली. चारपाच फेकींनंतर पाण्यावर एक बारीक चक्र उमटले आणि काठीचे टोक थरथरले. आला तो चार बोटांचा, चकचकीत खवल्यांचा मासा. यास खवली म्हणतात. त्याने हात आधी पाण्यात भिजवून घेतला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो आणि मग त्यास रोग जडतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला होता, त्यामुळे तो सहज सुटला. पाण्याबाहेर तो मासा फार तर दोन श्वासांइतका वेळ असेल. अशा पाचसहा खवली मिळाल्या. पुढच्या संथ डोहात मात्र जो मासा लागला तो पाहताच भाच्याचा चेहरा उतरला. रुंद अंगाचा, पाठीवर काटेरी पर असलेला. “चिलापी,” तो म्हणाला.

चिलापी हा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला, तो स्वस्त अन्न म्हणून. तो कोठेही राहतो, काहीही खातो, वर्षातून अनेकदा वितो, आणि मादी पिले तोंडात घेऊन सांभाळते म्हणून ती जगतातही पुष्कळ. गरिबाच्या ताटात यामुळे चार घास पडले हे नाकारता येत नाही. परंतु तळे म्हणून सोडलेला हा पाहुणा नद्यांत शिरला आणि आता यजमानांनाच जागा उरली नाही, अशी गत पुष्कळ ठिकाणी झाली आहे.

दुपारी एका खडकाच्या सावलीत दशम्या सोडल्या. सौभाग्यवतींनी सकाळचा प्रश्न पुन्हा काढला, आणि या खेपेस थोड्या कडक स्वरात. माशास दुखत नाही का? भाच्याने उडवाउडवी केली नाही. दुखत नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही, हे त्याने कबूल केले. ऊन वाढले की पाण्यातील प्राणवायू कमी होतो. अशा वेळी झुंजवून सोडलेला मासा पोहत जातो खरा, पण पुष्कळदा मागाहून मरतो. म्हणून चैत्र-वैशाखात भर दुपारी तो काठीस हात लावीत नाही, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत तर मुळीच नाही, कारण तो विणीचा काळ. हे नियम त्याच्यावर कोणी लादलेले नाहीत. आम्हांस विचाराल तर या छंदातील हिंसा या नियमांनी पुरती धुऊन निघते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्यांनी कधी गळ हाती धरला नाही अशा आम्हां लोकांच्या मोऱ्यांचे पाणी शेवटी कोणत्या नदीत जाते, हे आठवल्यावर त्यास चार शब्द सुनावण्याचा आमचा उत्साह बराच मंदावला.

खरा मासा त्या दिवशी उशिरा भेटला. काठावर एक जुने उंबराचे झाड पाण्यावर वाकलेले होते. पिकली फळे अधूनमधून टपकन पाण्यात पडत. भाच्याने डबीतून एक विचित्र वस्तू काढली: लोकरीचा तांबूस गोळा, उंबरासारखा. “माशी नव्हे ही,” आम्ही म्हणालो. “नाही, मामा. पण तो फळे खातो, आणि फळ पडल्याचा आवाज ओळखतो.” गोळा टपकन पाण्यावर पडला. क्षणभर काही झाले नाही. मग पाण्याखाली काही सोनेरी वळले आणि रीळ किंचाळले. एवढ्या जोराने दोरी खेचणारा मासा निदान हातभर असेल अशी आमची खात्री झाली. प्रत्यक्षात आला तो वीतभराहून थोडा मोठा. पण काय त्याचे रूप! अंगठ्याच्या नखाएवढी खवले, पाठ हिरवट, कुशी सोन्याच्या, पर निळसर, जाड ओठ आणि तोंडाशी चार मिशा. भाच्याने त्यास पाण्यातच धरून ठेवले, तोंड धारेकडे करून. थोड्या वेळाने त्याने शेपटीचा एक फटकारा मारला आणि तो गेला. आमच्या सौभाग्यवती गुडघाभर पाण्यात कधी उतरल्या होत्या, ते आम्हांस कळलेच नाही.

ही खडशी. इंग्रज शिकारी जिला महसीर म्हणून नावाजतात त्या कुळातील ही दख्खनची शाखा. शास्त्रात तिचे नाव ‘खुद्री’ असे आहे, आणि ते नाव मराठीच आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. त्याने येथील माशांवर निबंध लिहिला, तो १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या या माशास मराठे ‘खुद्री’ म्हणतात, म्हणून त्याने तेच नाव शास्त्रात दाखल केले. आणखी एक मासा त्याने वर्णिला आहे, त्याचे नाव ‘नुक्ता’. याच्या नाकाडावर खोल खाच असते, त्यामुळे त्याचे तोंड मोठे चमत्कारिक दिसते. हा नुक्ता साइक्सला कोठे मिळाला? चाकणजवळ, इंद्रायणीत. आमच्या या नदीतील एक मासा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जगाच्या शास्त्रग्रंथांत मराठी नावाने नांदत आहे, आणि त्याच नदीत बुडी मारून पुण्य जोडणाऱ्या आम्हांस त्याचा पत्ता नाही.

खडशीची पुढील हकीकत अधिक चटका लावणारी आहे. धरणे झाली, सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारण्याची चाल पडली, आणि ही जात झपाट्याने विरळ होऊ लागली. पावसाळ्यात ती वरच्या खडकाळ, स्वच्छ पाण्यात अंडी घालण्यास चढते; वाटेत भिंत आली की वंश तेथेच खुंटतो. तेव्हा १९७० च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी हिच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला, आणि पुढे त्यांनी व श्री. ओगले यांनी लोणावळ्यास टाटांच्या तलावांपाशी हिची कृत्रिम पैदास यशस्वी केली. पक्व मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढावयाची, नराचे रेत त्यांत मिसळावयाचे, आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबवावयाची. ही अंडी दूर पाठवावयाची कशी? त्यासही त्यांनी तोड काढली. ओल्या कापसात थर लावून ती विमानाने पाठविता येतात, असे त्यांनी दाखवून दिले. बाळंतिणीच्या खोलीतील कापूस माशाच्या वंशास उपयोगी पडावा, हे ऐकून सौभाग्यवती प्रसन्न झाल्या. शतपथब्राह्मणातील मनूने ओंजळीत आलेला लहान मासा आधी घड्यात आणि मग खड्ड्यात वाढवून शेवटी समुद्रात सोडला. ती कथा लोणावळ्यास पुन्हा घडली असे आम्हांस वाटले.

कथा तेथेच संपती तर बरे होते. लोणावळ्याची पिले मागणी येईल तिकडे जाऊ लागली. १९७८ साली ती दक्षिणेत कावेरीत सोडण्यासाठी दिली गेली. कावेरीत महसीर होताच. तो निराळा, पाठीवर उंच मदार असलेला, प्रचंड वाढणारा. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने कबिनीत धरलेला मासा १२० पौंडांचा भरला होता. त्या महाकाय माशाची संख्या घटली म्हणून भरीस आमची खडशी पाठविली. हेतू शुद्ध होता यात शंका नाही. पण कावेरीत खडशी अशी फोफावली की पुढील वर्षांत गळास लागे ती बहुतेक तीच, आणि मदारीचा मासा दिसेनासा झाला. तो कोणत्या जातीचा, हेही निश्चित झालेले नव्हते. ते २०१८ साली झाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. उलट खडशीचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून त्याच वर्षी उतरविण्यात आले. एकाच वर्षी एकीची सुटका आणि दुसऱ्याचा मृत्युलेख! हे आकडे कोठून निघाले? आमच्या भाच्यासारख्या गळ टाकणाऱ्यांच्या वहीतून. कोणता मासा, केवढा, कोणत्या दिवशी, हे वर्षानुवर्षे लिहून ठेवण्याची त्यांची सवय. त्या वह्या शास्त्रज्ञांनी ताडून पाहिल्या, तेव्हा कावेरीत काय घडले ते उमगले. भाच्याचीही अशी वही आहे. त्या दिवशी त्याने तीत खडशीची लांबी लिहिली, पाण्याची उष्णता लिहिली, आणि ‘उंबर’ असा एक शब्द लिहिला.

पुढच्या रविवारी आम्ही खालची नदी पाहण्यास गेलो. प्रथम आळंदी. दर्शन झाले, घाटावर आलो, आणि पाण्याकडे पाहून पाऊल अडले. पात्रभर पांढराशुभ्र फेस, बर्फासारखा, वाऱ्याने उडत पायऱ्यांपर्यंत येत होता. नगरांचे सांडपाणी, साबणाची रसायने आणि कारखान्यांचा निचरा यांचा हा फेस गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा वर्तमानपत्रांत गाजतो आहे. एक वृद्ध वारकरी त्यातच उतरून डोळे मिटून डोक्यावर पाणी घेत होते. भाचा काठी घेऊन आला नव्हता. त्याने पायरीलगतचा एक गोटा तेवढा उचलून उलटा केला, पाहिला, आणि परत ठेवला. त्याच्या पोटाशी काय होते हे आम्ही विचारले नाही. सांडपाण्यातील सूक्ष्म जंतू पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. मग ज्यास पुष्कळ प्राणवायू लागतो तो खडशीसारखा मासा आधी जातो आणि ज्यास थोड्यावर भागते तो मागे राहतो, एवढे तो परतीच्या वाटेवर आपण होऊन बोलला.

देहूस पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. येथे पाणी आळंदीपेक्षा बरे होते. डोहाच्या काठी एक बाई चुरमुऱ्यांच्या पुड्या विकीत बसल्या होत्या. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ सांगू लागले की त्यांच्या लहानपणी येथे हातभर लांबीचे मासे पायरीशी येऊन हातातून लाह्या घेत, त्यांची खवले रुपयाएवढी असत, आणि अंग उन्हात पितळेसारखे झळके. देवाचे म्हणून त्यांस कोणी हात लावीत नसे. त्यांनी वर्णिलेला मासा कोणता, हे आता आम्हांस सांगावे लागत नव्हते.

सौभाग्यवतींनी एक पुडी घेतली आणि मूठभर चुरमुरे पाण्यावर टाकले. पाणी क्षणात ढवळून निघाले. शेकडो तोंडे वर आली. पलीकडच्या पायरीवर एक लहान मुलगी आनंदाने टाळ्या पिटू लागली, “आजी, देवाचे मासे!” भाचा वाकून पाहत होता. बराच वेळ पाहून तो सरळ झाला आणि हळूच म्हणाला, “मामी, सगळे चिलापी आहेत.” सौभाग्यवतींनी हातातील पुडीकडे एकवार पाहिले, मग उरलेले चुरमुरेही पाण्यात सोडले, आणि आम्ही देवळाच्या वाटेस लागलो.